डावी बाजू

गाडी पुन्हा वाजली. टुं-टुं, टुं-टुं, अशी घाईघाईत.

"बघ, झाली सुरू!" पायलट वैतागून म्हणाले. "रस्ता मोकळा आहे, मी सरळ चाललोय, आणि ही बया उगाच कोकलतेय."

ऑपरेटरबाईंनी आपल्या खिडकीतून बाहेर पाहिलं. काचेपासून जेमतेम वीतभर अंतरावर एक सायकलवाला रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरला होता. एक पाय जमिनीवर टेकवून तो कसाबसा तोल सावरत होता. तोंड उघडं होतं. शिवीच देत असणार. काच बंद होती म्हणून ऐकू आली नाही, एवढंच.

"अहो, सायकलवाला होता."

"कुठे?"

"इथे. माझ्या बाजूला. आरशात दिवासुद्धा लागला होता."

"कुठला दिवा?" पायलट मोठ्यानं हसले. "अगं, सायकलवाला असता तर मला दिसला नसता का? एकतीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवलीय मी. एक कोंबडी मारली नाही आजवर."

हे मात्र खरं होतं. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी इस्पितळाची ॲम्ब्युलन्स चालवली होती आणि गाडीला एक ओरखडा येऊ दिला नव्हता. इस्पितळात त्यांना सगळे पायलट म्हणत. निवृत्त झाल्यावरही ते नाव सुटलं नाही. बाई त्याच इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. फोन त्यांनी घ्यायचा, पत्ता कागदावर उतरवायचा आणि खिडकीतून तो कागद पायलटच्या हातात द्यायचा. लग्नही त्या खिडकीतूनच जमलं असं लोक म्हणायचे. बाईंचा कान मोठा तयार होता. पलीकडचा माणूस बोलायच्या आधी नुसता श्वास कसा घेतो, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते त्यांना कळायचं.

ही गाडी मुलीनं घेऊन दिली होती. परगावी नोकरीला असलेल्या मुलीचा जीव आईबापांत अडकलेला. 'बाबा, जुनी गाडी आता बस झाली. हिच्यात सगळी सोय आहे. समोर काही आलं तर स्वतः ब्रेक लावते, रस्त्यावरचा पट्टा सोडून चाललात तर सांगते.' गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूममधली मुलगी तासभर समजावून सांगायला उभी होती. पायलट पाच मिनिटांत कंटाळले. "पोरी, तुझ्या जन्माच्या आधीपासून चालवतोय मी," असं म्हणून ते बाहेर जाऊन टायर बघत उभे राहिले. मुलगी हिरमुसली. तेव्हा बाई म्हणाल्या, "तू मला सांग. मला गाडी चालवता येत नाही, पण ऐकता येतं."

आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर पुढच्या खणातलं जाडजूड पुस्तक बाहेर काढलं आणि रोज दुपारी पेन्सिल घेऊन चार-चार पानं वाचायला सुरुवात केली. कुठला दिवा लाल, कुठला पिवळा. लाल लागला तर लगेच थांबायचं, पिवळा लागला तर दाखवून घ्यायचं. घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आलं तर टायरमध्ये हवा कमी आहे. पान्याचं चिन्ह आलं तर सर्व्हिसिंगची वेळ झाली. चहाचा कप दिसला तर चालवणाऱ्याचं लक्ष उडतंय, त्यानं थांबून विश्रांती घ्यावी. आणि आवाज! प्रत्येक आवाजाचा अर्थ निराळा. सीटबेल्ट लावला नाही तर एक लांबलचक सूर. मागे घेताना भिंत जवळ आली तर हळूहळू जलद होत जाणारी टिकटिक. गाडी रस्त्यावरची पांढरी रेघ ओलांडू लागली तर दोन-दोन तुटक स्वर, आणि ज्या बाजूला ओलांडली त्या बाजूनंच ते ऐकू येणार.

पंधरा दिवसांत बाईंना ती सगळी भाषा पाठ झाली. आणि तिथूनच त्या प्रत्येक आवाजाची बाजू ध्यानात ठेवू लागल्या. कारण तो तुटक स्वर नेहमी त्यांच्याच कानाशी वाजायचा. डावीकडून. उजवीकडून कधीच नाही.

पायलट रिकामे बसणाऱ्यांतले नव्हते. शेजारचे टेलर, म्हणजे जन्मभर शिवणकाम केलेले त्यांचे जुने मित्र, यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. ते काम पायलटनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. जाताना टेलर मागच्या सीटवर बसून गप्पा मारत. येताना मात्र पिळून काढलेल्या कापडासारखे पडून असत. बाई सोबतीला पुढे बसत. गाडीत तीन जीव, आणि कडेनं चालणारे, सायकलवाले, शाळेतून सुटलेली पोरं, ते वेगळेच.

बाईंनी एका वहीत लिहायला सुरुवात केली. स्विचबोर्डवर प्रत्येक फोनची नोंद ठेवायची सवय होती, तशीच. तारीख, वेळ, जागा, बाजू. 'मंगळवार, पाण्याच्या टाकीजवळ, डावी.' 'शुक्रवार, पुलाचा कठडा, डावी.' 'शुक्रवार, येताना, शाळेची भिंत, डावी. आरसा घासला.' दोन पानं भरली तेव्हा त्यांनी वही मिटून कपाटात कपड्यांखाली ठेवली. नवऱ्याच्या विरुद्ध पुरावा गोळा करतोय असं त्यांना वाटायला लागलं होतं.

मग घरातल्या घरातही एकेक गोष्ट नजरेत भरू लागली. पायलट आतल्या खोलीत जाताना चौकटीला खांदा आपटत. डावा. वर्तमानपत्र उघडत, पण दोन मिनिटांत बाजूला टाकत. "हल्ली काय लिहितात, ओळीला ओळ लागत नाही." एकदा जेवताना त्यांनी ताटात डावीकडची भाजी तशीच ठेवली.

"भाजी आवडली नाही का?" बाईंनी विचारलं.

"वाढलीस कुठे?"

बाईंनी ताट हळूच अर्धं फिरवलं.

"अरेच्चा, आहे की!" पायलट म्हणाले, आणि भाजी खाऊ लागले. "चांगली झालीय."

त्या दिवशी मुलीचा फोन आला. "गाडी कशी चाललीय गं, आई?" बाईंच्या जिभेवर सगळं आलं होतं. पलीकडून मुलगी काहीतरी टाईप करत असल्याचा आवाज येत होता. समोर खुर्चीत पायलट बसले होते, हात मांडीवर, आपल्याबद्दलच विचारतेय हे कळून खुशीत हसत. "मस्त चाललीय," बाई म्हणाल्या. "तुझे बाबा खूश आहेत."

शेवटी पायलटनीच गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मेकॅनिकला दरडावून सांगितलं, "हिच्या कॅमेऱ्यात खोट आहे. बदलून दे, नाहीतर बंद कर."

मेकॅनिक तिशीतला, शांत स्वभावाचा होता. त्यानं गाडीला यंत्र जोडून पाहिलं, मग स्वतः फेरी मारायला घेऊन गेला. अर्ध्या तासानं परत आला. पायलट तेव्हा कुणाच्या तरी इंजिनाबद्दल मत देत पलीकडे उभे होते. मेकॅनिक बाईंच्या बाकाजवळ आला आणि हात पुसत हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, बारा किलोमीटर फिरवून आणली. गर्दीतून नेली, रिकाम्या रस्त्यावरून नेली. एकदाही वाजली नाही."

बाईंनी मान हलवली.

"गाडीत काही खोट नाही," तो म्हणाला आणि थांबला. बाईंनी काहीतरी विचारावं म्हणून थांबला होता तो. तो श्वास, ते थांबणं, बाईंनी आयुष्यभर ओळखलं होतं. पण त्यांनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला आणि जमिनीकडे पाहत राहिल्या.

तेवढ्यात पायलट आले. "काय निघालं?"

"काका, सगळं ठीक आहे. सेटिंगमधून रस्त्याच्या पट्ट्याचा इशारा बंद करता येतो, बाजूचा पण. पण मी म्हणेन, करू नका."

"मी म्हणतो, कर."

मेकॅनिकनं पुन्हा एकदा बाईंकडे पाहिलं. एक शब्द. बाईंनी एक शब्द टाकला असता तरी चाललं असतं. "करा बंद," त्या म्हणाल्या. "त्यांना त्रास होतो."

"समोरचा ब्रेक मात्र बंद राहत नाही," मेकॅनिक म्हणाला. "गाडी सुरू केली की तो आपोआप चालू होतो."

"राहू दे तेवढा," पायलट उदारपणे म्हणाले.

गाडी गप्प झाली. डॅशबोर्डवर एक बारीक पिवळा दिवा तेवढा राहिला: काहीतरी बंद आहे, असं सांगणारा. पायलट शीळ घालत घरी आले. बाईंना मात्र ती शांतता खायला उठली. इशारा वाजायचा तेव्हा निदान कधी घाबरायचं ते कळत तरी होतं. आता पूर्ण रस्ताभर घाबरायला लागायचं. त्या खिडकीला चिकटून बसत. गाडी कडेला सरकली की "अहो, जरा उजवीकडे" म्हणत. पायलट चिडत. "तू चालवतेस की मी?" मग त्या गप्प बसत आणि पाय लाकडासारखे ताठ करून बाहेर बघत राहत. दुकानांच्या पायऱ्या, उभ्या हातगाड्या अगदी जवळून सरकत; एखाद्या बाईच्या हातातली पिशवी काचेला चाटून जाई. घरी उतरल्यावर त्यांना पाठ दुखते आहे हे कळे.

तो शुक्रवार होता. दुपारचे दोन वाजले असतील. डायलिसिस आटोपून ते परत निघाले होते. टेलर मागे डोळे मिटून पडले होते. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. डांबराचा वास येत होता, एका बाजूला खडीचा ढीग होता. बाईंनी ती मजूर बाई लांबूनच पाहिली. डोक्यावर लाल फडकं, हातात घमेलं. ती रस्त्याच्या डाव्या कडेला उभी होती, आणि गाडी येतेय हे बघूनही निर्धास्त होती, कारण चालवणाऱ्याचा चेहरा तिच्याच दिशेला होता.

गाडी सरकत सरकत कडेला गेली. बाईंनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. तीस वर्षं ज्या गळ्यानं लोकांना 'घाबरू नका, गाडी निघाली' म्हणून सांगितलं, तो गळा ऐन वेळी बंद पडला.

त्यांच्याऐवजी गाडीच किंचाळली. डॅशबोर्डवर लाल चित्र पेटलं, सीटबेल्टनं छाती करकचून आवळली, आणि गाडी जागच्या जागी थांबली. टेलर मागून पुढच्या सीटवर आदळले. मग सगळं स्तब्ध.

मजूर बाई बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी उभी होती. तिची साडी गाडीला लागली होती. घमेलं तिनं छातीशी घट्ट धरलं होतं.

"अरे, ही का थांबली?" पायलट म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. चेहऱ्यावर नुसता वैताग होता, भीतीचा लवलेश नाही. "ब्रेकपण बिघडला की काय हिचा? पुढे चिटपाखरू नाही, आणि मधेच..." त्यांचा पाय पुन्हा ॲक्सिलरेटरकडे गेला.

"अहो!" बाई ओरडल्या. आता आवाज आला. "पाय काढा! पाय काढा आधी!"

पायलट दचकले. पाय मागे आला.

"समोर बाई आहे."

"कुठे?"

"डावीकडे बघा. मान वळवा. अजून. अजून वळवा."

पायलटनी मान वळवली. थोडी, मग आणखी थोडी. आणि ती बाई जणू जमिनीतून वर आली, तसे ते एकदम मागे सरले.

"ही कुठून आली?"

"ती इथेच होती," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

पायलटनी गाडी बंद केली. दार उघडून ते खाली उतरले, बॉनेटला हात लावत लावत पुढून वळसा घालून त्या बाईपाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले.

"बाई, लागलं का गं कुठे?"

"नाही लागलं," ती म्हणाली. "पण साहेब, तुम्ही तर बघत होता माझ्याकडे. माझ्याकडेच बघत होता."

पायलट परत आले, पण चालवायच्या जागेवर बसले नाहीत. मागचं दार उघडून टेलरच्या शेजारी बसले. टेलरच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्यांनी विचारलं, "पायलट, काय झालं रे?" पायलट म्हणाले, "तुझ्या सूनबाईला फोन कर. म्हणावं, आम्हाला न्यायला ये."

टेलरची सून कुरियरची व्हॅन चालवायची. तिची पाळी संध्याकाळची असे, म्हणून ती घरीच होती. तासाभरात बसनं आली, काही न विचारता किल्ली घेतली आणि तिघांना घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरनं पायलटना एका यंत्रापुढे बसवलं. आत कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. दिसलेल्या प्रत्येक ठिपक्याला पायलटनी बटण दाबलं, अगदी ठणकावून. उठताना म्हणाले, "एक सोडला नाही." यंत्रातून कागद बाहेर आला. त्याच्यावर दोन गोल होते, दोन डोळ्यांचे. दोन्ही गोलांचा डावा अर्धा भाग शाई सांडल्यासारखा काळा होता.

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाली. "मेंदूत रक्ताची एक लहानशी गाठ अडकून गेलेली असणार. झोपेतसुद्धा झालं असेल, कळलंही नसेल तुम्हाला."

"पण मला काळं काही दिसत नाही, डॉक्टर. अंधार वगैरे काही नाही."

"काळं दिसत नाही. ती बाजू नाहीच, असं मेंदू धरून चालतो. म्हणून तर कळत नाही."

"परत येईल?"

डॉक्टरनं कागदाची घडी घातली. "मान वळवून बघायची सवय शिकवता येते. नजर परत येणं अवघड आहे. गाडी मात्र आता नाही."

"कधीपासून असेल हे?"

"गाडी वाजायला लागली तेव्हापासून, म्हणजे पाच महिने तरी. जास्तही असेल."

परत येताना बसमध्ये पायलट खिडकीशी बसले. बाई त्यांच्या डाव्या बाजूला बसायला गेल्या, मग उठून पुढच्या सीटवर बसल्या आणि मागे वळून त्यांच्याकडे तोंड केलं, निदान दिसावं म्हणून. बराच वेळ पायलटची बोटं हलत होती. ते काहीतरी मोजत होते.

"बेचाळीस वेळा," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"टेलरला नेलं, आणलं. पाच महिन्यांत बेचाळीस वेळा." ते बाईंकडे बघत होते. "त्या बेचाळीस वेळांत माझ्या डाव्या बाजूला काय काय होतं गं? कोण कोण होतं?"

बाईंना ठाऊक होतं. दोन पानं लिहिलेली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. आणि मग, आपण काहीच बोलत नाही आहोत हे लक्षात येऊन, त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी बोलले नाही. इशारा बंद करा म्हणून त्या मेकॅनिकला मीच सांगितलं."

पायलटची बोटं थांबली. "मी ऐकलं नसतंच," ते म्हणाले. एवढंच. त्यात माफी होती की नाही, हे बाईंना त्या आवाजावरून ओळखता आलं नाही.

मंगळवारी सकाळी टेलरची सून किल्ली घ्यायला आली. पायलट दारात होते. "थांब," ते म्हणाले. "तुझी काकू तुला आधी सगळं सांगेल. मग गाडी काढ."

"काका, मला चालवता येते की."

"मलाही येत होती," पायलट म्हणाले. "ऐकून घे."

सून चालवायच्या जागी बसली. बाई शेजारी पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या, पण पुस्तक त्यांना उघडावं लागलं नाही. कुठला दिवा लाल, कुठला पिवळा, कुठला सूर कशाचा, टायरमध्ये हवा किती, मागच्या दाराचं लहान मुलांसाठीचं कुलूप कुठे, टेलरच्या सीटचा बेल्ट अडकतो तो कसा सोडवायचा, त्या सांगत गेल्या. मग सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी बंद केलेले इशारे एकेक करून चालू केले. पिवळा दिवा विझला. पायलट उघड्या दाराला धरून, कान देऊन ऐकत उभे होते. मधेच त्यांनी विचारलं, "तो कप दाखवतो, तो कशाचा म्हणालीस?" बाईंनी पुन्हा सांगितलं. "असं आहे होय," ते म्हणाले.

टेलरना मागे बसवून झालं. बाई उतरल्या. पायलट फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. अख्खी गाडी नजरेत मावेपर्यंत त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवा हात वर केला आणि जुन्या सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "येऊ दे... येऊ दे... चाक थोडं काप... बस्स. सरळ कर. जा आता." गाडी अलगद रस्त्यावर आली आणि डावीकडे निघाली. टेलरनी मागच्या काचेतून हात केला.

पायलटनी हात हलवला. मान मात्र नकळत सरळ झाली होती. ते समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघून हात हलवत होते. बाई येऊन त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या.

"गेली?" पायलटनी विचारलं.

"नाही अजून. वळणावर थांबलीय. एक म्हातारा रस्ता ओलांडतोय, त्याला जाऊ देतेय."

पायलट हात हलवत राहिले.

"ओलांडला त्यानं," बाई म्हणाल्या. "आता वळली. आता गेली."

तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.